तुमच्या बॅकएंडमागचा वैमानिक

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? बऱ्याच ग्रुपची गाडी एकाच स्टेशनवर थांबते : कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. कुठलं काम कुणाकडे, कधी संपणार, किती राहिलं. मग लॉगिनच्या पानाचा रंग ठरवण्यात दोन दिवस जातात आणि डेटाबेस सबमिशनच्या आदल्या रात्री कसाबसा उरकला जातो. त्या उरकलेल्या भागामागे एका माणसाचं जवळजवळ अर्धं आयुष्य आहे. त्याचं नाव एडगर कॉड. मित्रांसाठी टेड.

जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला पोर्टलंड नावाच्या बेटावर. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमानं चालवली. १९४८ मध्ये अमेरिकेला जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर झाला. पुढे तिथे सिनेटर मॅकार्थीनं कम्युनिस्ट शोधायची मोहीम उघडली. ते वातावरण कॉडला सहन झालं नाही, त्यानं सरळ देश सोडला आणि काही वर्षं कॅनडात काढली. परत आल्यावर चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन मिशिगन विद्यापीठातून १९६५ ला पीएचडी केली. म्हणजे ज्या कामानं तो ओळखला जातो, ते अजून सुरूही व्हायचं होतं!

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळात आयबीएमकडे आयएमएस नावाचा डेटाबेस होता. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो बनवला होता. म्हणजे बघा, तोही माग ठेवणाराच! त्यातली माहिती झाडासारखी रचलेली असायची : खोड, फांद्या, उपफांद्या.

झाडात अडचण काय? समजा, तुमच्या ग्रुपनं काष्टीच्या ग्रामपंचायतीसाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं. रस्ता, गटार, पाण्याची टाकी, बाजारतळावरचे दिवे अशी कामं. प्रत्येक कामाखाली टप्पे, टप्प्याखाली ठेकेदार. रस्त्याचं काय झालं, हे लगेच सांगता येईल. पण सरपंचांनी विचारलं, या एका ठेकेदाराकडे आपली एकूण किती कामं अडकलीत, तर? प्रत्येक फांदी चढून उतरावी लागणार. आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहिती आत कुठे, कशी ठेवलीय याचा रस्ता तोंडपाठ हवा. रचना बदलली की प्रोग्राम कोसळला.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत काम करताना कॉडनं हा रस्ताच काढून टाकला. १९७० च्या जूनमध्ये त्याचा निबंध छापून आला. कल्पना ऐकायला साधी वाटते. सगळं टेबलांत ठेवा. कामांचं एक टेबल, ठेकेदारांचं एक, टप्प्यांचं एक. त्यांना जोडायचं ते किमतींनी : टप्प्याच्या ओळीत ठेकेदाराचा क्रमांक असला की झालं. माहिती डिस्कवर कुठे पडलीय हे मशीननं बघावं, माणसानं फक्त काय हवं ते विचारावं. या सगळ्याचा पाया होता संच आणि तर्कशास्त्राचं गणित.

नॉर्मलायझेशनचे जे फॉर्म तुम्ही परीक्षेसाठी रट्टा मारता, त्यातले सुरुवातीचे तेही त्याचेच. ठेकेदाराचा मोबाइल नंबर सतरा ओळींत लिहिलात आणि सोळा ठिकाणीच बदलला, तर खरा नंबर कोणता? म्हणून तो एकदाच, एकाच जागी लिहायचा. रिकाम्या रकान्याबद्दलही त्याचा आग्रह होता. काम संपल्याची तारीख अजून माहीत नसणं वेगळं आणि तिथे शून्य किंवा खोटी तारीख भरणं वेगळं. नल आहे तो त्यासाठी.

आयबीएमनं त्याला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? उलट झालं. आयएमएस जोरात पैसे मिळवून देत होता, त्याला घरातूनच स्पर्धक कशाला? कॉड मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता, कंपनीच्या ग्राहकांपर्यंत जाऊन तो हे पटवत राहिला. शेवटी सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू झाला, त्यातून एसक्यूएल आली. तोवर कॉडचा निबंध वाचून बर्कली विद्यापीठात इन्ग्रेस उभा राहत होता. आज तुम्ही फुकट इन्स्टॉल करता तो पोस्टग्रेस त्याच्याच वंशातला. आणि १९७९ मध्ये बाजारात एसक्यूएलवाला डेटाबेस विकायला पहिली आली ती आयबीएम नाही, आज ओरॅकल म्हणून ओळखली जाते ती छोटी कंपनी. स्वतःच्या घरातली कल्पना दुसऱ्यानं विकलेली बघणं किती जड गेलं असेल, विचार करा.

१९८१ मध्ये त्याला संगणक क्षेत्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यानं खरा रिलेशनल डेटाबेस कुणाला म्हणावं याचे बारा नियम जाहीर केले. मोजले तर ते तेरा भरतात, कारण गणती शून्यापासून आहे. प्रोग्रामरच तो! कंपन्या नुसतं लेबल लावून माल विकत होत्या, त्याचा त्याला राग होता.

१८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात तो गेला. एसक्यूएलशी त्याचं कधी पूर्ण जमलं नाही. टेबलात एकसारख्या दोन ओळी चालवून घेते, ही त्याची तक्रार. आजही प्रायमरी की न देता टेबल बनवून बघा, पोस्टग्रेस एका शब्दानं अडवणार नाही. रस्त्याच्या कामाचं एकच बिल दोनदा चढलं, तरी ते निमूट दोन्ही दाखवेल.