मलेरिया पळवण्यासाठी जगभर निलगिरी पाठवणारा माणूस

निलगिरी हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी ते दक्षिण भारतातल्या निलगिरी डोंगरांत लावलं, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव पडलं. पण ते जगभर पोहोचवण्यात मोठा वाटा होता फर्डिनांड फॉन म्युलर यांचा.

१८२५ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकमध्ये जन्मलेले म्युलर १८४७ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. १८५३ मध्ये ते व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, तर १८५७ मध्ये मेलबर्नच्या बोटॅनिक गार्डनचे संचालक.

मलेरिया दलदलीतल्या दूषित हवेमुळे होतो, असा तेव्हा समज होता. झपाट्याने वाढणारी निलगिरी दलदल सुकवेल आणि हवा शुद्ध करेल, असं म्युलर यांना वाटायचं. त्यांनी युरोप, आफ्रिका आणि अमेरिकेत बिया पाठवल्या. अल्जेरिया, इटली, कॅलिफोर्नियात निलगिरी उभी राहिली.

१८७३ मध्ये मात्र त्यांचं संचालकपद गेलं. लोकांना फिरायला सुंदर बाग हवी होती. म्युलर यांचा भर अभ्यासावर होता.

१८९६ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले आणि दूषित हवेचा सिद्धांत मागे पडला.

तोवर झाडं रुजली होती. आज पोर्तुगालमध्ये वणवे भडकले की निलगिरीच्या लागवडीवरही बोट ठेवलं जातं.