भोजचे सातगौडा : चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागरजी महाराज

बेळगाव जिल्ह्यात दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळ भोज नावाचे गाव आहे. तेथील पाटील घराण्याचे शेतीबरोबरच कापडाचे दुकान होते. दुकानाचा व्यवहार प्रामुख्याने धाकटे बंधू कुमगौडा पाहत. ते बाहेरगावी गेले म्हणजे सातगौडा गादीवर बसत. गिऱ्हाईक आले की त्याने हवे ते कापड निवडावे, स्वतःच मोजून फाडून घ्यावे, पैसे ठेवावेत आणि उधारी असल्यास आपल्याच हाताने वहीत लिहावी, असा त्यांचा शिरस्ता होता. ज्या धंद्यात बोटभर मापावर नफा-तोटा ठरतो, तेथे ही रीत दिवाळे काढणारीच म्हटली पाहिजे. सातगौडांचे चित्त मात्र स्वाध्यायात असे. शेतावरही तोच प्रकार. पिकावर उतरलेली पाखरे ते हाकलीत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवीत.

हेच सातगौडा पुढे आचार्य शांतिसागर महाराज म्हणून भारतवर्षात वंदनीय झाले. त्यांचा जन्म १८७२ साली येळगूळ या आजोळच्या गावी झाला. पिता भीमगौडा, माता सत्यवती. त्या काळच्या प्रथेनुसार नवव्या वर्षीच त्यांचा विवाह झाला, परंतु ती बालिका अल्पावधीतच निवर्तली. पुनर्विवाहाचा आग्रह त्यांनी कायमचा नाकारला. तारुण्यात पदार्पण करताच मुनिदीक्षेची ओढ लागली, तेव्हा पित्याने आपल्या हयातीत घर न सोडण्याची विनंती केली. ती त्यांनी शिरोधार्य मानली आणि तब्बल दोन तपे संसारात राहून संसाराबाहेरचे जीवन कंठले. अनेकांना हा काळ वाया गेला असे वाटते. वस्तुतः त्यांची खरी साधना याच काळातली होय. गावी आलेल्या मुनींना खांद्यावर घेऊन नदी पार करविणे, शिखरजीच्या यात्रेत थकलेल्या वृद्धेला पाठीवर घेऊन पहाड चढणे आणि त्याच यात्रेत तूप व तेलाचा आजन्म त्याग करणे, हे सारे त्यांनी गृहस्थाच्या वेषातच केले.

मातापित्यांच्या देहावसानानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी देवप्पा स्वामींकडून क्षुल्लक दीक्षा घेतली. येथूनच परीक्षेला आरंभ झाला, आणि ती परीक्षा घेतली ती परक्यांनी नव्हे, आपल्याच समाजाच्या अज्ञानाने. त्या काळी दक्षिणेत मुनिचर्या शिथिल झाली होती. आहाराचे घर उपाध्ये आधीच ठरवीत आणि साधू तेथे जाऊन जेवीत. आगमात असे सांगितलेले नाही, म्हणून सातगौडांनी ते नाकारले. श्रावकांना तर विधिपूर्वक पडगाहन करण्याची रीतच ठाऊक नव्हती. परिणामी ते आहारास निघत आणि रिकाम्या ओंजळीने परतत. असे कित्येक दिवस गेले. त्यांनी ना कोणाला दोष दिला, ना नियमात सवलत शोधली. हळूहळू लोकच शिकले.

जैन दर्शनात ईश्वर हा सृष्टीचा कर्ता नाही. जिनेंद्र वीतराग आहेत. ते कोणाचे संकट निवारण करण्यास धावत नाहीत. मग संकटसमयी श्रद्धा ठेवावी ती कोणावर, असा प्रश्न आजच्या तरुणांना पडतो. महाराजांची श्रद्धा संकट टळावे म्हणून नव्हतीच. जिनेंद्रांनी जे स्वरूप प्रकट केले तेच आपल्या अंतरी आहे, ही जाणीव त्यांना चालताना, बसताना, कमंडलू उचलताना सदैव असे. पाऊल टाकण्यापूर्वी चार हात भूमी न्याहाळणे ही त्यांची पूजाच होती. कोन्नूरच्या गुहेत ध्यानस्थ असता सर्पाने त्यांच्या देहाला विळखा घातला, तेव्हा ते जसे होते तसेच राहिले आणि काही वेळाने सर्प आपल्या वाटेने निघून गेला. या प्रसंगाचे चमत्कार म्हणून फार वर्णन होते. परंतु रोज मुंगीसाठी पाऊल जपणाऱ्याला सर्प तरी वेगळा का वाटावा?

१९२० साली येरनाळ येथे मुनिदीक्षा व १९२४ साली समडोळी येथे आचार्यपद झाले. १९२७ साली कुंभोज-बाहुबलीहून संघ सम्मेदशिखरजीकडे निघाला. १९२८च्या आरंभी नागपूरला येऊन तेथून छत्तीसगढमार्गे तो पुढे गेला. नागपूरहून रायपूरकडे आपल्या भंडारा, लाखनी, साकोलीवरून आज मोटारी धावतात. त्या काळी पूर्वेकडचा तो सारा प्रवास घनदाट अरण्यातला होता, आणि संघ अनवाणी चालत होता.

१९३० साली राजाखेडा येथे शस्त्रधारी जमावाने संघावर हल्ला केला. पोलिसांनी म्होरक्याला पकडले, तेव्हा महाराजांनी त्याला सोडविण्याचाच आग्रह धरला. पुढे मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्याच्या संदर्भात, जैन मंदिरे ही हिंदू मंदिरांहून स्वतंत्र आहेत या भूमिकेसाठी १९४८ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी अन्न वर्ज्य केले. १९५१ साली उच्च न्यायालयाचा निर्णय आल्यावरच ते घेतले. या भूमिकेविषयी आजही दोन मते आहेत आणि ती असू शकतात. मात्र त्यांनी क्लेश दिला तो केवळ स्वतःच्या देहाला.

चरित्रग्रंथांत त्यांच्या मुनिजीवनातील उपवासांची संख्या ९,९३८ दिलेली आहे. हिशेब केला तर पस्तीस वर्षांपैकी सत्तावीस वर्षांहून अधिक काळ उपवासाचा ठरतो.

वार्धक्यात दृष्टी मंदावली. जमिनीवरील जीव दिसेनात, तेव्हा अहिंसा महाव्रत निर्दोष पाळता येणार नाही हे त्यांनी ओळखले आणि १९५५च्या ऑगस्टमध्ये कुलभूषण-देशभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्री, कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. जयपूर येथे असलेल्या वीरसागर महाराजांना आचार्यपद देत असल्याचे कळविले. रोज सहस्रावधी लोक दर्शनास येत. प्रथम केवळ जल घेत, पुढे तेही सोडले. ८ सप्टेंबरला, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, क्षीण झालेल्या देहाने त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला. आत्मचिंतन रोज करावे, थोडा वेळ का होईना पण करावे, एवढेच त्याचे सार होते.

१८ सप्टेंबर १९५५, रविवार, भाद्रपद शुद्ध द्वितीया. सकाळी सातच्या सुमारास, छत्तिसाव्या दिवशी, श्वास थांबला.