पिठातल्या खमिरासारखे आयुष्य : डॉ. आयडा स्कडर



वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल. कदाचित तुमच्या नात्यातले कोणी तिथून बरे होऊनही आले असेल. या एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात एका तरुण मुलीच्या बेचैन रात्रीतून झाली.

आयडा स्कडर यांचा जन्म 9 डिसेंबर 1870 रोजी आजच्या तमिळनाडूतील राणीपेट येथे झाला. आजोबा डॉक्टर आणि मिशनरी, वडीलही तेच. पण आपण मिशनरी व्हायचे नाही, असे आयडांनी ठरवून टाकले होते. अमेरिकेत शिकत असताना आई आजारी असल्याचे कळले आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून त्या तिंडिवनमला आल्या.

तिथे एका रात्री तीन पुरुष एकामागून एक दाराशी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू गृहस्थ. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडा डॉक्टर नव्हत्या. त्यांनी वडिलांना पाठवते म्हणून सांगितले. पण परपुरुषाने आपल्या बायकोला तपासावे, हे तिघांनाही चालणार नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया दगावल्या.

विचार करा, मित्रांनो. औषध होते, डॉक्टर होता, तरी मदत त्या घरांत शिरू शकली नाही. त्या दारांतून एखादी स्त्रीच आत जाऊ शकली असती. आयडांनी प्रार्थना केली, आईवडिलांशी बोलल्या आणि डॉक्टर होण्यासाठी पुन्हा अमेरिकेला गेल्या.

1899 मध्ये कॉर्नेल मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन त्या 1900 मध्ये भारतात परतल्या. त्याच वर्षी वडील वारले. आधार गेला, पण त्यांनी वेल्लोरच्या बंगल्यातल्या एका छोट्या खोलीत रुग्ण तपासायला सुरुवात केली. 1902 मध्ये 40 खाटांचे रुग्णालय उभे राहिले. रुग्णालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी त्या स्वतः गावोगाव जाऊ लागल्या. रस्त्याकडेचे झाड हाच त्यांचा दवाखाना.

एकटी डॉक्टर किती घरांत पोहोचणार? हे साधे गणित त्यांनी ओळखले. म्हणून आधी परिचारिकांना आणि 1918 पासून मुलींना डॉक्टरीचे शिक्षण देणे सुरू केले. मुलींना हे झेपणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण पहिल्या तुकडीतल्या परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुली उत्तीर्ण झाल्या. त्या मुली जिथे गेल्या, तिथे बंद दारे उघडत गेली.

24 मे 1960 रोजी कोडाईकनाल येथे आयडांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. सारे आयुष्य या कामाला दिले.

प्रभू येशूने देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली. खमीर आवाज करत नाही. ते पिठात मिसळते आणि सगळे पीठ फुगवते. आपल्यापैकी अनेकांना वाटते, मला बोलता येत नाही, व्यासपीठ नाही, मग मी प्रभूसाठी काय करणार? आयडांचे आयुष्य सांगते, आधी दाराशी कोण उभे आहे ते पाहा.

तुमच्या कार्यालयात, वर्गात, सोसायटीत असे कोणी असेल, ज्याच्यापर्यंत फक्त तुम्हीच पोहोचू शकता. आज प्रार्थनेत त्याचे नाव घ्या. आणि उद्या त्याच्याकडे जा.