डेव्हीची अक्कलदाढ

अक्कलदाढ नेमकी पीएलमध्येच का यावी, हे मला आजवर न सुटलेलं कोडं आहे. गेल्या सेमिस्टरला माझा उजवा गाल असा काही सुजला की मेसमध्ये सगळे मला मारुतीराया म्हणू लागले. शेवटी दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात अर्धा जबडा बधिर झाला आणि दाढ निघाली तेव्हा मला फक्त कडकड आवाज तेवढा ऐकू आला. रूमवर येऊन गालाला बर्फ लावून पडलो असताना सहज मनात आलं, दुखू न देता कापाकापी करायची ही कल्पना पहिल्यांदा सुचली कोणाला असेल?

शोधता शोधता एका अशा माणसापाशी येऊन पोचलो, ज्याला ती सुचली होती, ज्याने ती छापूनही ठेवली होती, आणि तरीही पुढची ४४ वर्षं ती तशीच पडून राहिली. तो माणूस म्हणजे सर हम्फ्री डेव्ही. होय, तोच. खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्याचा डेव्ही आणि मायकेल फॅरेडेचा साहेब.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावचा. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते १७९४ मध्ये वारले. मागे पाच मुलं, त्यात हम्फ्री थोरला. पुढच्या वर्षी त्याला गावातल्या एका सर्जनच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. तिथल्या बाटल्या-बरण्यांमधून त्याला रसायनशास्त्राचा नाद लागला. पुढे लाव्हॉझिएचं पुस्तक मिळवून तो ते स्वतःच शिकला. कॉलेजचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधीच पाहिलं नाही. (आपल्यापैकी काहींची अटेंडन्स पाहता आपणही फार मागे नाही!)

आता इथे आपल्या ओळखीचा एक माणूस येतो, वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट. त्याची लाडकी मुलगी १७९४ मध्ये क्षयाने गेली. त्या काळी डॉ. थॉमस बेडोज यांना वाटत होतं की वेगवेगळे वायू हुंगवून फुप्फुसाचे रोग बरे करता येतील. मुलीच्या दुःखात वॉटने त्यांच्यासाठी वायू तयार करायची आणि हुंगवायची यंत्रं बनवून दिली. वॉटचा मुलगा ग्रेगरी प्रकृतीने नाजूक. हवापालटासाठी तो पेन्झान्सला आला आणि राहिला कुठे, तर डेव्हीच्या आईकडे! अशा ओळखी जुळत जुळत ऑक्टोबर १७९८ मध्ये डेव्ही बेडोज यांच्या ब्रिस्टलच्या वायुचिकित्सा संस्थेत प्रयोगशाळा सांभाळायला दाखल झाला. वय विसालाही दोन महिने कमी.

तिथे त्याच्या हाती नायट्रस ऑक्साइड लागला. हा वायू रोग पसरवतो असं एका अमेरिकन डॉक्टरचं मत होतं. डेव्हीने अमोनियम नायट्रेट तापवून तो शुद्ध स्वरूपात बनवला आणि एप्रिल १७९९ मध्ये रेशमी पिशवीतून सरळ स्वतःच ओढला. रोग वगैरे काही झाला नाही. उलट अंगभर गुदगुल्या झाल्यासारखं सुख वाटलं, कान तीक्ष्ण झाले, हातपाय आपोआप नाचू लागले.

मग त्याने मित्रांनाही पिशवी दिली. त्यात कवी कोलरिज आणि सदी होते, पुढे थिसॉरस लिहिणारा रोजेट होता. कोणी खदाखदा हसलं, कोणी जमिनीवर पाय आपटत राहिलं, कोणी खोलीभर धावलं, तर कोणाला जवळजवळ काहीच झालं नाही. वायू एकच, पण प्रत्येकाचं वागणं निराळं. भल्या घरची, शहाणी माणसं मिनिटभरात ओळखू येईनाशी होत आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा जशीच्या तशी.

डेव्हीचं वेगळेपण असं की ही गंमत तो मोजत होता. किती वायू, किती मिनिटं, नाडी किती. दारूची नशा आणि वायूची नशा यांची तुलना करायची म्हणून, पिण्याची सवय नसताना, वाइनची अख्खी बाटली आठ मिनिटांच्या आत संपवली. एकदा वॉटर गॅस ओढला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हे आज आपल्याला कळतं. तोंडातली नळी गळून पडली, जीव जायचाच बाकी होता. मोकळ्या हवेत आणल्यावर त्या अवस्थेतही पठ्ठ्या स्वतःची नाडी तपासत होता.

२६ डिसेंबर १७९९ ला तर कहर झाला. तो एका हवाबंद पेटीत बसला आणि आत थोडाथोडा वायू सोडत सव्वा तास तिथे राहिला. बाहेर येऊन लगेच पिशवीतून शुद्ध वायू आणखी ओढला. आजूबाजूचं जग नाहीसं झालं, मनात चित्रं वेगाने धावू लागली, आपण विश्वाचं कोडं सोडवलं अशी त्याची खात्री पटली. भानावर येताना त्याने समोरच्या डॉक्टरांना मोठ्या गांभीर्याने सांगितलं, त्याचा मतितार्थ एवढाच की विचारांखेरीज जगात दुसरं काही नाही.

झालं. विश्वाचं कोडं सुटलं ते एवढंच.

याच काळात त्यालाही अक्कलदाढ येत होती. (हे वाचल्यावर मी बर्फ बाजूला ठेवून उठून बसलो.) हिरडी सुजलेली, जेवण नाही, झोप नाही. त्याने वायू ओढला आणि काही मिनिटं दुखणं पार विरलं. उतार पडला तसं दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्तच. हेही त्याने टिपून ठेवलं. १८०० साली त्याचं नायट्रस ऑक्साइडवरचं पुस्तक निघालं, ५०० हून अधिक पानांचं. त्याच्या शेवटाकडे एका वाक्यात त्याने सुचवलं आहे की हा वायू वेदना घालवू शकतो असं दिसतं, तेव्हा जिथे फार रक्तस्राव होत नाही अशा शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग करता येईल.

एवढं एक वाक्य! त्याने पुढे पाठपुरावा केला नाही, वाचणाऱ्यांनीही केला नाही. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. त्याच्या व्याख्यानांना झुंबड उडायची. वायूचा तमाशा झाला, १८०२ मध्ये गिलरेने त्यावर व्यंगचित्र काढलं. लोक हसायला येत आणि हसून घरी जात. त्याच काळात इस्पितळांत रुग्णाला चार माणसांनी दाबून धरून पाय कापले जात होते. लेखिका फॅनी बर्नी हिच्या स्तनाची शस्त्रक्रिया १८११ मध्ये पॅरिसला झाली, ती पूर्ण शुद्धीत.

शेवटी १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्ड गावी अशाच एका हास्यवायूच्या जलशात एक तरुण धडपडला. पायाला चांगलीच जखम झाली, पण त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत बसलेला दंतवैद्य होरेस वेल्स मात्र हसण्याऐवजी त्या पायाकडे बघत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू ओढून स्वतःचा दात काढून घेतला. १८४५ मध्ये बोस्टनला त्याचं जाहीर प्रात्यक्षिक फसलं, पण १८४६ मध्ये मॉर्टनने ईथर वापरून यशस्वी प्रयोग दाखवला आणि भूलशास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट. मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री आम्ही नाइट मारली होती. सलग दुसरी. चहा किती झाला याची गणती नाही. पहाटे तीनच्या सुमाराला मला अचानक आमच्या सर्किटबद्दल साक्षात्कार झाला. इतकं स्पष्ट मला आयुष्यात काही दिसलं नव्हतं. वहीत पानभर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. पार्टनरने तेवढ्यात सांगितलं की ७८०५ ला हात लावून बघ, चटका बसतोय. मी हसलो, समासात बारीक अक्षरात ७८०५ गरम एवढं खरडलं आणि पुन्हा माझ्या साक्षात्काराकडे वळलो. सकाळी एक्स्टर्नलसमोर डिस्प्ले दर दोन मिनिटांनी बंद पडू लागला. १२ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, अर्धा अँपिअर करंट, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता, आणि हीट सिंक लावलेलाच नाही! रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करून घेत होता. संध्याकाळी वही उघडली. पानभरच्या साक्षात्कारात एकही ओळ धड अर्थाची नव्हती. उपयोगाचे शब्द दोनच, ते समासात.

डेव्हीचं वाचताना मला ते पान आठवलं. मला वाटतं, कळणं आणि कळल्यासारखं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूने, दारूने, जागरणाने दुसरी गोष्ट पहिलीशिवायही मिळू शकते, तिथेच माणूस फसतो. नायट्रस ऑक्साइड मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहींचं काम अडवतो, हे आज माहीत आहे. मौजेसाठी तो वारंवार ओढल्यास बी-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन नसांना कायमची इजा होऊ शकते, हेही माहीत आहे. तेव्हा कृपया कोणी केमिस्ट्री लॅबमध्ये डेव्हीगिरी करू नये!

डेव्हीने पुढे काय केलं ते आपण शिकलोच आहोत. १८०७ मध्ये विजेने पोटॅशियम वेगळं केलं, तेव्हा त्याचे चमकते थेंब बघून तो प्रयोगशाळेत आनंदाने नाचला म्हणतात. कोणताही वायू न ओढता! १८१५ मध्ये खाणीचा दिवा बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो गेला, वय अवघं ५०.

त्याच्या विश्वाच्या कोड्याचं आज कोणाला काही पडलेलं नाही. माझी दाढ न दुखता निघाली त्यामागे मात्र त्याच्यासारख्यांच्या अशा छोट्या नोंदी आहेत. त्याने निदान लिहून तरी ठेवलं. वाचणाऱ्यांनी समास वाचला नाही, ही त्यांची चूक. मी तर स्वतः लिहिलेला समासही वाचला नव्हता.

या सबमिशनला मी रोज रात्री बारापर्यंत झोपायचं ठरवलं आहे. बघू या, किती दिवस जमतं ते.