टाकाची फेक

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात आज यंत्रांचे कारखाने दाटीने उभे आहेत. पण १९१० साली तेथे शेतेच होती. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी. या माळावर बसून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी पुढे अनेक वर्षे महाराष्ट्राला हसविले, आणि अधूनमधून रागावविलेही.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. चित्रकलेची ओढ घराण्यातच होती. खुद्द लक्ष्मणराव मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले होते. परंतु त्यांना रंगांतील भेद नीट ओळखता येत नसे, म्हणून त्यांनी कुंचला ठेवून यंत्रे हाती घेतली. पुतण्याच्या वाटेत अशी अडचण नव्हती. शंकररावांनी लाहोरास पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे घेतले आणि मग ते चुलत्यांच्या कारखान्यात रुजू झाले.

नांगर तयार करणे अवघड, पण खपविणे त्याहून अवघड होते. लोखंडाने जमीन नासते, अशी कित्येक शेतकऱ्यांची समजूत होती. जुन्या समजुती माणसाला किती घट्ट धरून ठेवतात, याची ओळख शंकररावांना पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाही.

१९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्र सुरू केले. हेतू कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्याचा. पण संपादकाच्या हातात टाक होता, आणि तो नुसत्या नांगरांवर थांबणारा नव्हता. हळूहळू त्या पत्राचे मोठे मासिक झाले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली.

शंकररावांचे व्यंगचित्र म्हणजे केवळ वाकडी नाके आणि सुटलेली पोटे नव्हेत. दैवावर हवाला ठेवून हातपाय न हलविणारा आळशी, भाबड्यांना लुबाडणारा भोंदू, सुनेला माणूस न मानणारे घर, शिवाशिवीचा बडिवार, हे त्यांच्या थट्टेचे विषय. एखाद्या रूढीवर दहा पाने लिहिली तर ती मानणारा मनुष्य पाने न उलगडताच मासिक मिटतो. चित्राचे तसे नाही. नजर पडते, हसू फुटते, आणि आपण आपल्यालाच हसलो हे मागाहून ध्यानात येते.

साहजिकच सनातनी मंडळी चिडत. मासिक वाचकांच्या वर्गणीवर जगते, हे संपादकाला विसरून चालत नाही. तरीही शंकररावांनी धोरण सोडले नाही. सावरकर रत्नागिरीस सरकारच्या निर्बंधांखाली राहत असतानाही त्यांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध होत. त्यांतील काही लेखांनी तर मोठीच खळबळ उडविली.

टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहावयाची लेखणी. टाक झटकला की शाईचे शिंतोडे उडतात, आणि ते कोणाच्या अंगरख्यावर पडतील याचा नेम नसतो. शंकररावांनी आपल्या व्यंगचित्रांच्या संग्रहाला नाव दिले ‘टाकाच्या फेकी’. त्यांच्या फेकीला मात्र नेम होता. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचीही त्यांनी गंमत केली आणि आत्मचरित्राचे नाव ठेवले ‘शंवाकीय’. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.