देवळालीचे कापरेकर मास्तर

मित्रांनो, सी शिकताना ६१७४ चा प्रोग्रॅम अनेकांनी लिहिला असेल. पण या आकड्यामागचे कापरेकर आपल्याच मातीतले, हे किती जणांना ठाऊक आहे?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि ते देवळालीला शाळामास्तर झाले, ते निवृत्तीपर्यंत. पुढची डिग्री नाही, संशोधन संस्था नाही. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे पोरखेळ वाटे. मग सरांनी स्वतःच पुस्तिका छापल्या.

१९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ येणारच. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

आता २१११ घ्या. वजाबाकी ०९९९. प्रोग्रॅम पुढचं शून्य गिळतो, ९९९ तीन अंकी समजतो आणि शेवटी ० छापतो! कापरेकरांची संख्या म्हणजे चार घरं. कोडच्या आधी हे मॉडेल पक्कं हवं. त्याला लॅबही लागत नाही. राळेगणसिद्धीच्या शाळेतलं पोरही ते पाटीवर करील.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला मास्तर कळले. १९८६ मध्ये ते गेले.

तर मंडळी, आपापल्या प्रोग्रॅममध्ये आज २१११ टाकून बघाच!