ब्लूजची सम्राज्ञी आणि खोडलेले कलम

कायद्याची भाषा न कळणारा माणूस करारावर सही करताना कागदाकडे पाहात नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. वकिलीत हे रोज दिसते. शेतजमिनीच्या साठेखतापासून ते गाण्याच्या कॅसेटसाठी करून घेतलेल्या कागदापर्यंत आपल्या समाजाचा अनुभव एकच आहे. समोरचा गोड बोलला की आपला हात सहीला उठतो. १९२३ साली अमेरिकेतील एका काळ्या गायिकेने अशीच सही केली. त्या सहीची किंमत तिने मरेपर्यंत मोजली आणि ती मेल्यावर तिच्या वारसदारांनीही मोजली. बेसी स्मिथ हे तिचे नाव. ब्लूज गाण्याची सम्राज्ञी म्हणून जग तिला ओळखते.

ब्लूज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या शेतातली वेठ, सावकारी आणि फाशीचा दोर संपला नाही. त्या गुलामांच्या लेकरानातवांनी शेतात, रेल्वेच्या कामावर आणि तुरुंगात जे गाणे रचले ते ब्लूज. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे, इतकी साधी त्याची बांधणी. त्यात देवधर्म नाही. उपास, घरभाडे, सोडून गेलेला नवरा, पुरात वाहून गेलेले घर हे त्याचे विषय. म्हणूनच चर्चमधल्या सभ्य मंडळींना हे गाणे सैतानाचे वाटत असे.

बेसीचा जन्म टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहरातला. जन्मतारीख १५ एप्रिल १८९४ अशी दिली जाते. बाप मजुरी करायचा आणि जोडीला चर्चमध्ये प्रवचन द्यायचा. तो तिच्या अजाण वयात गेला. नऊ वर्षांची होईपर्यंत आईही गेली. थोरल्या बहिणीने, व्हायोलाने, भावंडांना वाढवले. शाळा नावापुरती. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा आणि बेसी दारूच्या गुत्त्यासमोर, रस्त्याच्या कडेला गाऊन नाचून चिल्लर गोळा करायची. तिची पहिली बिदागी ही अशी धुळीतून वेचलेली होती.

१९१२ साली दुसरा भाऊ क्लॅरेन्स याने तिला एका फिरत्या मंडळीत नेले. तेथे तिला गायिका म्हणून नव्हे, नाचणारी म्हणून घेतले, कारण गायिकेच्या जागी मा रेनी ही मोठी कलावतीण आधीच होती. पुढे अटलांटाच्या एका थिएटरात तिने जम बसवला. त्याच सुमारास, १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एकाच देशात एक महापुरुष ग्रंथालयात बसून जातीच्या मुळाशी जात होता आणि दक्षिणेतल्या तंबूंतून ही मुलगी गात हिंडत होती. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता.

तंबूतल्या आणि थिएटरातल्या कलावंतांची स्थिती आपल्या तमाशाच्या फडासारखीच होती, असे म्हटले तर वाचकांना लगेच कळेल. १९२० नंतर काळ्यांसाठीच्या थिएटरांच्या मालकांनी संघटना करून सगळे खेळ तिच्यामार्फत लावायला सुरुवात केली. प्रवासखर्च कलावंताचा, राहण्याची सोय कलावंताची, खेळ पडला तर नुकसानही कलावंताचे. त्या संघटनेच्या आद्याक्षरांतून कलावंतांनीच काळ्यांना छळणारी संस्था असा अर्थ काढला होता.

१९२० सालीच मेमी स्मिथ या दुसऱ्या गायिकेची तबकडी धडाक्याने खपली आणि काळे लोकसुद्धा पैसे देऊन तबकड्या घेतात, हे गोऱ्या कंपन्यांना कळले. मग त्यांनी काळ्यांच्या तबकड्यांचे वेगळे खाते उघडले. गाण्यालासुद्धा वेगळी पंगत! बेसीने अनेक कंपन्यांची दारे ठोठावली. त्यांत ब्लॅक स्वान ही काळ्यांनी स्वतः उभारलेली कंपनीही होती. संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांच्यासारखा थोर विद्वान होता. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले तेच हे डु बॉईस. या कंपनीने बेसीला नाकारले. तिचा आवाज फार रांगडा, फार खेडवळ वाटला. अधिक सफाईदार गाणाऱ्या एथेल वॉटर्सला त्यांनी पुढे केले.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. गोऱ्यांनी नाकारले तर त्याला वर्णद्वेष म्हणून मोकळे होता येते. आपल्याच शिकलेल्या माणसांना आपल्याच बाईच्या आवाजाची लाज वाटली, त्याला काय म्हणायचे? आपल्याकडेही नोकरीत स्थिरावलेल्या कित्येकांना हलगी आणि ढोलकी वस्तीत सोडून आल्याचा अभिमान वाटतो. ब्लॅक स्वानने १९२३ च्या अखेरीस दिवाळे काढले. बेसीच्या गाण्याने त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचे दिवस पालटले.

ही कंपनी कोलंबिया. विद्यापीठाशी नावापलीकडे तिचा संबंध नाही. तीही तेव्हा आर्थिक अडचणीत होती. १६ फेब्रुवारी १९२३ रोजी बेसीने न्यूयॉर्कमध्ये 'डाउनहार्टेड ब्लूज' ध्वनिमुद्रित केले. या कामाला नेसायला बरे कपडे हवेत म्हणून तिचा होणारा नवरा जॅक गी याने रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा आपला गणवेश गहाण टाकला, असे सांगतात. पहिल्या सहा महिन्यांत तबकडीच्या पावणेआठ लाखांवर प्रती खपल्याचा आकडा दिला जातो.

आता पैशाचे पाहू. पियानोवादक क्लॅरेन्स विल्यम्स हा तिला कंपनीत नेणारा. तोही काळाच. त्याने तिच्याकडून स्वतःशी करार करून घेतला होता आणि एका गाण्याच्या १२५ डॉलरपैकी निम्मे त्याच्या खिशात जात होते. हे कळताच बेसी आणि जॅक थेट त्याच्या कचेरीत गेले आणि हातघाईवर येऊन त्यांनी तो कागद रद्द करून घेतला. मग कंपनीच्या फ्रँक वॉकर या अधिकाऱ्याने तिच्याशी सरळ करार केला. दर गाण्याला १२५ डॉलर, वर्षाला किमान बारा गाणी, म्हणजे १,५०० डॉलरची हमी. निम्म्याऐवजी पूर्ण रक्कम मिळाली म्हणून बेसी खूश झाली. पण छापील करारात विक्रीवर स्वामित्वधन देण्याचे एक कलम होते. वॉकरने ते खोडले. तबकडी एक खपो वा दहा लाख, गायिकेला १२५ डॉलर. दलालाला ठोसा मारून जे वाचवले, त्याच्या कितीतरी पट पेनाच्या एका रेघेने गेले, आणि तेही हसतमुखाने. वॉकरवर ती पुढे कितीतरी वर्षे विश्वास टाकून होती. कोलंबियासाठी तिने १६० गाणी गायिली. त्या सगळ्यांचे मिळून २८,५७५ डॉलर तिला मिळाले.

मग ती जगली कशावर? खेळांवर. भर काळात आठवड्याला २,००० डॉलरपर्यंत तिची बिदागी गेली. त्या काळात इतकी कमाई दुसऱ्या कोणा काळ्या कलावंताची नव्हती. पण त्यातून मंडळीचे पगार, वादक, तंबू, कपडेलत्ते आणि प्रवास सगळे तिलाच भागवायचे. दक्षिणेत काळ्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, रेल्वेत वेगळा डबा. १९२५ साली तिने स्वतःचा रेल्वेचा डबा बांधून घेतला, ७८ फूट लांब, पिवळ्या रंगाचा. त्यात अख्खी मंडळी झोपायची, तंबूचे सामानही त्यातच. लोक याला श्रीमंती थाट म्हणतात. मला तो स्वाभिमानाचा खर्च वाटतो. जेथे गावात पाय ठेवायला जागा नाही, तेथे आपले घर चाकांवर घेऊन जाणे हाच उपाय होता.

१९२७ साली नॉर्थ कॅरोलिनात खेळ चालू असताना कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी तंबूच्या खुंट्या उपटायला आले. तिच्या मंडळीतले पुरुष मागे सरले. बेसी एकटी पुढे गेली, शिव्या देत त्यांना अंधारात पिटाळून आली आणि पुन्हा येऊन गायला उभी राहिली. जॅकची भाची रूबी मंडळीत नाचायची. तिने सांगितलेली ही हकीकत आहे.

क्लॅनला न भ्यालेली ही बाई घरात मात्र हरत होती. जॅकने नोकरी सोडली. तिच्या पैशावर तो गाड्या, कपडे आणि शिकारीचे शौक करू लागला, आणि हातही उगारू लागला. बहिणींना तिने फिलाडेल्फियाला आणले, घर घेऊन दिले, व्हायोलाला खानावळ काढून दिली. एक मुलगा सांभाळला, त्याचे नाव जॅक ज्युनियर ठेवले. सगळे घर एका गळ्यावर चालले होते. तिला दारूचे व्यसन होते, ते लपवण्यात अर्थ नाही. १९२९ साली जॅकने तिच्याच ३,००० डॉलरवर दुसऱ्या एका गायिकेचा खेळ उभा केला. ही गोष्ट बेसीला वर्तमानपत्रातून कळली. संसार तुटला, मुलगाही तिच्यापासून तोडला गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात तिने गायिलेले गाणे होते दिवस फिरले की कोणी ओळख दाखवत नाही, अशा अर्थाचे. तबकडी सप्टेंबरात बाजारात आली आणि ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. थिएटरे बंद पडली, तबकड्या घेणारे गरीब घरचे भाडे भरू शकेनात. १९३१ च्या अखेरीस कोलंबियाने तिचा करार संपवला. २४ नोव्हेंबर १९३३ रोजी जॉन हॅमंड याने तिची चार गाणी दुसऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. दर गाण्याला ३७ डॉलर ५० सेंट. स्वामित्वधन अर्थातच नाही. ती तिची शेवटची ध्वनिमुद्रणे ठरली.

तरी तिने गाणे सोडले नाही. नव्या जमान्याची स्विंग चालीची गाणी ती शिकली. रिचर्ड मॉर्गन हा भला सोबती मिळाला. मुलाशीही पुन्हा गाठ पडली. दिवस सुधारू लागले होते. अशात २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ त्यांची गाडी एका ट्रकवर आदळली. बेसीचा उजवा हात जवळजवळ तुटला. त्या सकाळीच तिने प्राण सोडला.

गोऱ्यांच्या इस्पितळाने दार बंद केले म्हणून ती मेली, असे आपल्याकडेही लिहिले जाते. हॅमंडने तसे छापले आणि एडवर्ड अल्बीने त्यावर नाटक लिहिले. पण पुराव्याला हे टिकत नाही. वाटेत भेटलेल्या गोऱ्या डॉक्टरने तिच्यावर जागीच उपचार केले होते आणि तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या इस्पितळात नेले गेले. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या इस्पितळात नेण्याचा विचारसुद्धा तेथे कोणी केला नसता, असे त्या डॉक्टरनेच पुढे सांगितले. दोन्ही इस्पितळे अर्ध्या मैलाच्या आत होती. दार बंद करण्याची वेळच आली नाही, कारण त्या दाराकडे गाडी वळवायचीच नाही हे सगळ्यांना पाठ होते. दोन पाणवठ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फिलाडेल्फियात अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. कबरीवर मात्र दगड बसला नाही. त्यासाठी जमवलेला पैसा जॅकनेच गिळल्याचे सांगितले जाते. ऑगस्ट १९७० मध्ये, तब्बल तेहतीस वर्षांनी, दगड बसला. खर्च दोघींनी केला. एक गोरी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि दुसरी हुआनिटा ग्रीन, लहानपणी बेसीच्या घरी कामाला असलेली आणि पुढे काळ्यांच्या चळवळीत पदाधिकारी झालेली.

त्याच सुमारास कोलंबियाने तिची सगळी गाणी नव्या संचांत काढली आणि ती जोरात खपली. तेव्हा वारसदारांच्या वतीने कंपनीवर दावा झाला. १९२३ पासूनचे करार अन्यायाचे होते, स्वामित्वधन बुडवले, असे त्यांचे म्हणणे. पेनसिल्व्हेनियाच्या फेडरल न्यायालयाने १९७९ साली दावा मुदतबाह्य ठरवून काढून टाकला आणि अपिलातही तो निकाल कायम राहिला. मुदतीचा कायदा मलाही रोज वापरावा लागतो. जुने वाद कधीतरी मिटावेत हा त्याचा हेतू चुकीचा नाही. पण आपले काय बुडाले हेच ज्याला कधी सांगितले गेले नाही, त्याची मुदत कोणत्या दिवशी सुरू होते?

आपल्या देशात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातील समान वाटा सही करूनही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. गायकालाही कलावंत म्हणून स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. भीमगीते लिहिणाऱ्या गाणाऱ्या मुलांनी एकरकमी कागदावर सही करण्याआधी हे कलम कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

बेसीच्या १९२३ सालच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपले. 'डाउनहार्टेड ब्लूज'ची ती मूळ तबकडी आता तेथे कोणीही छापावी, कोणीही विकावी. गायिकेच्या नावे कोणाला एक सेंटही द्यावा लागत नाही.